डाव्या दारामागचे पोचे

मालकांनी आयुष्यभर बसगाड्यांचा धंदा केला, पण स्टिअरिंगला ते कधी बसले नाहीत. तरीही त्यांच्या हाताशिवाय एकही बस आगारातून हलली नाही. प्रवासी बसले, टपावर सामान चढलं, क्लीनरनं दार ओढून घेतलं, की मालक बसच्या मागच्या अंगाला जाऊन तळहातानं दोन थापा द्यायचे. धप, धप. मग ड्रायव्हर गिअर टाकायचा. थाप नाही तर गाडी नाही. एकदा दोन थापांच्या मध्ये मालकांना शिंक आली, तर शिंक पुरी होईपर्यंत गाडी अर्धवट गिअरमध्ये थरथरत उभी होती, असं जुने लोक सांगतात. जुने लोक शिंका जरा ताणूनच सांगतात, पण थापेचं खरं होतं.

पुढे रस्ते रुंद झाले, घरोघरी मोटारी आल्या आणि बसमध्ये माणसांपेक्षा आसनंच जास्त दिसू लागली. मालकांनी गाड्या विकल्या आणि पंख्यांची तीन जुनी विमानं घेतली. नातेवाईक म्हणाले, म्हातारपणी भिकेचे डोहाळे. मालक म्हणाले, "बस काय नि विमान काय. माणसं आत घालायची, दार लावायचं, दुसरीकडे काढायची. वर खड्डे तरी नाहीत."

माणसंही त्यांनी जुनीच आणली. तिकिटं फाडणारे काउंटरला बसले, आगाराचा पहारेकरी विमानतळावरच्या कंपनीच्या फाटकावर आला, आणि सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला, म्हणजे तात्यांना, प्रवाशांना इमारतीपासून विमानापर्यंत नेणाऱ्या बसवर नेमलं. तात्यांना हे फार लागलं होतं. "आयुष्यभर घाट उतरवले," ते ऐकेल त्याला सांगायचे, "आणि आता अंगणातून ओसरीवर सोडतो."

माणसांबरोबर थापही आली. विमानाचं डावीकडचं मागचं दार बंद झालं, की पंखे सुरू व्हायच्या आधी मालक चालत जाऊन दारामागे दोन थापा द्यायचे. कॅप्टन लोक पहिल्यांदा हसले. मग त्यांना सवय झाली. मग थाप बसेपर्यंत त्यांचाच हात बटणाकडे जाईना. नेहमीचे प्रवासीसुद्धा थाप ऐकली की पट्टा आवळायचे. एक म्हातारे गृहस्थ तर थाप ऐकूनच डोळे मिटून घेत. हवाई सुंदरी काय सूचना देते, ते त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं.

आता कायदा असा, की विमान कंपनीला एक सुरक्षा-प्रमुख नेमावाच लागतो. बाहेरचा माणूस नेमला तर तो पगार घेणार आणि वर खरंच काम करणार, ही दुहेरी भीती. म्हणून मालकांनी आपल्या सुनेला नेमलं. ती शाळेत गणित शिकवत होती. मालकांना वाटलं, बसेल बिचारी एका खोलीत, करेल सह्या. सून प्रशिक्षणाला गेली आणि जाडजूड पुस्तकं घेऊन परत आली. वाईट म्हणजे, ती तिनं वाचली.

नियम मात्र मालकांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. "कचेरीत सून नाही नि सासरा नाही. तू सुरक्षा, मी मालक."

"बरं, मामंजी," सून म्हणाली.

"मालक."

"बरं, मालक."

पुस्तकात लिहिलं होतं, की कर्मचाऱ्यांना धोक्याची गोष्ट निनावी सांगता यावी म्हणून एक पेटी असावी. पेटी आली. ती ठेवायची कुठं, तर सुरक्षित जागी, म्हणजे मालकांच्या खोलीत. किल्ली मालकांच्या खिशात. चिठ्ठी टाकायला येणाऱ्याला मालक स्वतः विचारत, "काय रे, कुणाविरुद्ध?" त्यामुळे पेटीत आजवर जे निघालं, त्यात 'मालकांना दीर्घायुष्य लाभो' अशा मजकुराचंच प्रमाण मोठं होतं.

धंद्याचं डोकं म्हणजे मालकांचा मुलगा, सुनेचा नवरा. तो मोठ्या शाळेतून व्यवस्थापन शिकून आला होता, आणि त्याला सगळे चिरंजीव म्हणत, त्याच्या तोंडावरसुद्धा. चिरंजीवांच्या बोलण्यात 'व्यूहरचना' हा शब्द इतका यायचा की चहा मागवणं ही देखील व्यूहरचनाच होऊन बसली होती. पण या वेळी त्यांची काळजी खरी होती. आपल्याच मार्गावर पुढच्या हंगामापासून एक बडी कंपनी कोरी विमानं घेऊन उतरणार होती. आपली तिन्ही जुनी. नवी दोन तरी मिळाली नाहीत तर प्रवासी तिकडे जातील आणि धंदा बसेल, हे घरात सगळ्यांना कळत होतं. नवी घ्यायची ऐपत नाही, हेही.

अशातच मालकांचा खांदा धरला. हात कमरेच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, थापाबिपा बंद. मालकांनी डॉक्टरांचं ऐकलं, म्हणजे हात उचलला नाही. बसधंद्याच्या निरोपाला नोकरांनी त्यांना एक काठी भेट दिली होती, वर घोटीव पितळी मूठ. तिच्यानं काम भागलं. आवाजही खणखणीत यायचा. टण, टण. मालकांना तो जास्तच आवडला.

विमानांची तपासणी करणारा इंजिनिअर होता, त्याचं नाव पडलं होतं भिंग, कारण तो दुधातही भिंग घालून बघेल असा माणूस. विमानं संध्याकाळी परतल्यावर तो हँगरमध्ये यायचा, ती तपासायचा, आणि सकाळी पहिलं विमान निघायच्या आत घरी जाऊन झोपायचा. विमान निघताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. एका संध्याकाळी तो सुनेच्या खोलीत आला. सुनेच्या खोलीची खिडकी मोटारी लावायच्या जागेवर उघडत होती. तिलाही विमानं दिसत नसत, त्यांचे कागद तेवढे दिसत.

"बाई, डाव्या दारामागे पोचे आलेत," भिंग म्हणाला.

"कशानं?"

"कशानं म्हणजे, आपोआप. उठाणू आल्यासारखे. चार-पाच, एका जागी. मर्यादेत आहेत, पण आहेत."

पुढच्या काही दिवसांत दुसऱ्या विमानाच्या डाव्या दारामागे तसेच पोचे सापडले. मग तिसऱ्याच्याही. तीच जागा, तीच उंची. भिंगानं मोजमाप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि त्याचा चेहरा उतरला. पोचे वाढत होते.

"एका विमानाला पोचा आला तर शिडीवाल्या पोराला धरावं," भिंग म्हणाला. "तिन्हींना एकाच जागी आला, आणि वाढतोय, तर मूळ घडणीतच खोट आहे. त्यांच्या कारखान्यातच काहीतरी चुकलंय."

ही बातमी चिरंजीवांनी ऐकली आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. सुरक्षेच्या गोष्टीनं ते उठल्याची ही पहिलीच वेळ.

"बाबा, दैव देतं म्हणतात ते असं. बनवणाऱ्या कंपनीचा दोष. आपण बोभाटा केला तर त्यांची अब्रू जाईल. आपण बोभाटा करायचा नाही, बदल्यात दोन नवी विमानं, जुन्याच्या भावात. ही व्यूहरचना."

मालकांनी काठीवर हनुवटी टेकून थोडा विचार केला. "पोचा म्हणजे दोषच की," ते म्हणाले. "माझ्या बसगाड्या दरडीला घासून आल्या, पण पोचा नाही. लिही त्यांना. जरा रडून लिही."

चिरंजीवांनी रडून लिहिलं. विमान बनवणारे घाबरले. त्यांनी तसली विमानं वापरणाऱ्या इतर कंपन्यांकडे चौकशी केली. कुणाकडेही डाव्या दारामागे काही नव्हतं. त्यामुळे ते जास्तच घाबरले, कारण समजतं त्या दोषापेक्षा न समजणारा दोष महाग असतो. त्यांनी कळवलं, की आमची दोन माणसं येत आहेत.

ती येणार त्याच्या आदल्या दिवशी भिंग पुन्हा सुनेकडे आला. या वेळी बसला नाही. "पहिलं विमान मर्यादेला टेकलं, बाई. अजून एवढासा खोल गेला तर उडवायचं नाही, असं पुस्तक सांगतं."

"पुस्तक मर्यादा सांगतं, ती ओलांडायची घाई करायला सांगत नाही," सून म्हणाली आणि तिनं ते विमान थांबवायचा कागद लिहिला.

त्या रात्री जेवताना घरात असं वातावरण होतं, की भांड्यांचा आवाजसुद्धा कुणाची तरी बाजू घेतोय असं वाटावं.

"उभं केलंस," मालक ताटाकडे बघत म्हणाले. "भरलेलं विमान उभं केलंस. उभी गाडी म्हणजे काय असते ठाऊक आहे?"

मालकांचं हे एक दुखणंच होतं. उभं वाहन त्यांना बघवत नसे. स्वतःचं तर नाहीच, पण शत्रूची बस रस्त्यात बंद पडलेली दिसली तरी ते उतरून बॉनेटमध्ये डोकं घालायचे.

"मामंजी, ते वाढतंय कशानं हे कळेपर्यंत मी कसं सोडू?"

"अगं, पण उद्या पाहुणे येतायत," चिरंजीव म्हणाले. "आपणच विमान उभं केलं असं दिसलं तर..."

"तर आपण घाबरलो असं दिसेल. घाबरलोच आहोत."

सासूबाईंचं या वादात लक्ष नव्हतं. त्या कोपऱ्यात उभी केलेली काठी हातात घेऊन तिची मूठ पदरानं पुसत होत्या. "वाद घाला, पण मला एक सांगा," त्या मालकांना म्हणाल्या. "ही मूठ मी घासून घासून चकचकीत करते नि तुम्ही रोज रंग लावून आणता. चुना फासत हिंडता का कुठे? पांढरा समजू शकते, पण त्यात पोपटी कुठून येतो?"

तिन्ही विमानं पांढरी होती, आणि दारामागून जाणारा पोपटी पट्टा सासूबाईंनीच निवडला होता.

सुनेचा घास हातातच राहिला. थाप तिला ठाऊक होती; ती तळहाताची, बसच्या काळापासूनची. काठी तिला ठाऊक होती, ती घरातली. दोन्ही एकत्र तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. ज्यांनी रोज पाहिल्या, ती जमिनीवर काम करणारी पोरं, त्यांना त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवला अशी तक्रार कोण करतं? आणि केली तरी पेटी कुणाच्या खोलीत?

सकाळी पहिल्या विमानाच्या जागी दुसरं निघणार होतं. सून तळावर जाऊन उभी राहिली. दार बंद झालं, मालक आले, काठी उलटी धरली आणि मुठीनं दोन ठोके दिले. टण, टण. पंखे फिरू लागले. मालकांनी समाधानानं मूठ बाहीला पुसली आणि परत फिरले. सून आडवी उभी होती.

"मालक, बोलायचंय."

"सून म्हणून की सुरक्षा म्हणून?"

"सुरक्षा म्हणून. सून म्हणून धीर होत नाही."

मालकांनी तिला आपल्या खोलीत नेलं. तिनं सांगितलं. मालक आधी हसले.

"लाकडाच्या काठीनं विमानाला पोचा? मग ते विमान आहे की डबा?"

"डबाच आहे. बसचा पत्रा जाड असतो, मालक. हा तुमच्या जेवायच्या ताटाहून फारसा जाड नाही."

"ताटाहून?"

"आणि वर गेल्यावर आतली हवा त्याला बाहेर ढकलते. खाली आलं की सैल पडतं. रोज फुगतं, रोज बसतं."

मालकांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. ताटाएवढ्याच जाड पत्र्यात माणसं घालून आपण इतकी वर्षं वर पाठवत होतो, याचा हिशेब त्यांच्या मनात आता कुठे मांडला जात होता. "हे मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"पेटीत टाकलं असेल एखाद्यानं."

मालकांनी खिशातली किल्ली चाचपली आणि विषय बदलला. "मग आता?"

तेवढ्यात चिरंजीव आत आले आणि त्यांनाही सगळं सांगावं लागलं. त्यांचा रंग उडाला, पण शब्द नाही. "आत्ता नको," ते म्हणाले. "पाहुणे दारात आहेत. आज सही होऊ दे. उद्यापासून काठी बंद, पोचे वाढायचे बंद, ते म्हणतील दोष बरा झाला. कुणाचं काय बिघडलं?"

"ही चोरी आहे," सून म्हणाली.

"ही व्यूहरचना आहे."

"मग चोरांना इतकी वर्षं उगीच तुरुंगात टाकलं म्हणायचं."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"आत्ता? दारामागच्या आसनावर बसणाऱ्याच्या."

मालकांनी दोघांकडे बघून मान हलवली. म्हणून दोघांनाही वाटलं, की ते आपल्याच बाजूचे आहेत.

पाहुणे आले. एक होते लंबू, दारातून वाकून यावं लागणारे. दुसऱ्या एक बाई, त्यांच्या गळ्यात मोजपट्टी अशी लटकत होती जसं डॉक्टरांच्या गळ्यात नळी. त्यांनी उभ्या विमानाची पाहणी केली, भिंगाच्या भिंगातून पोचे पाहिले, माना हलवल्या आणि बैठकीला बसले.

"आमच्या कुठल्याच चाचणीत असला दोष आलेला नाही," लंबू म्हणाले. "पण तुमच्या तिन्ही विमानांत तो आहे, एकाच जागी. नाकारून चालणार नाही. दोन नव्या विमानांचं तुमचं म्हणणं आमच्या वरिष्ठांना मान्य आहे."

चिरंजीवांनी टेबलाखाली गुडघा घट्ट धरला, तो नाचू नये म्हणून.

"एक सही लागेल," पट्टीवाल्या बाई म्हणाल्या आणि कागद पुढे सरकवला. "की विमानाच्या अंगाला बाहेरून कुठलाही मार लागलेला नाही."

सून काही बोलणार, तोच मालकांनी पेन उचललं. सासरा सही करतो आहे, आणि सासरा ठाऊक असून सही करतो आहे, या दोन वाक्यांत केवढं अंतर असतं, ते तिला त्या क्षणी मोजता आलं. तिनं खुर्ची मागे सारली.

पण मालकांचं पेन कागदाच्या वर थांबलं होतं. "मी सही केली," त्यांनी विचारलं, "तर बाकीच्या कंपन्यांचं काय? ज्यांच्याकडे असलीच विमानं आहेत?"

"त्यांना ती थांबवून तपासावी लागतील. भाग उघडून."

"म्हणजे उभी करायची?"

"उभी करायची."

"सगळी?"

"जगात आहेत तेवढी."

मालकांच्या डोळ्यांपुढे ते दृश्य आलं असावं. ठिकठिकाणच्या विमानतळांवर रांगेनं उभी विमानं, पंखे गप्प, आणि प्रत्येकाशेजारी कपाळाला हात लावून बसलेला आपल्यासारखाच एखादा मालक. खोटं बोलणं त्यांना एकवेळ पचलं असतं. धंद्यात थोडंफार पचवावं लागतं. पण त्यांच्या एका सहीनं इतकी वाहनं उभी राहणार, हे गळ्याखाली उतरेना. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"चला," ते म्हणाले, "तुमचा दोष दाखवतो."

"बाबा," चिरंजीव म्हणाले. त्या एका शब्दात दोन नवी विमानं होती.

सगळे पुन्हा हँगरमध्ये गेले. मालकांनी काठी उलटी केली, दारामागच्या पोच्याजवळ नेली आणि ठोकण्यासाठी सवयीनं मागे घेतली.

"मालक," सून म्हणाली.

मालक थबकले. मग त्यांनी मूठ अलगद पोच्यात टेकवली. खलात बत्ता बसावा तशी ती बसली. पुढच्या पोच्यात टेकवली, तिथंही बसली. पट्टीवाल्या बाईंनी काठी मागून घेतली, मूठ मोजली, पोचा मोजला, पुन्हा मूठ मोजली, आणि गळ्यातली पट्टी काढून खिशात घातली. भिंग भिंगातून आपल्याच बुटांकडे बघत होता.

लंबूंनी वाकून मूठ पाहिली, मग पोचा पाहिला. शेवटी म्हणाले, "पण का?"

आता चकित व्हायची पाळी मालकांची होती. "का म्हणजे? नाहीतर ते निघणार कसं?"

नवी विमानं अर्थातच आली नाहीत. जग वाचल्याच्या आनंदात लंबूंनी एक कारागीर मात्र पाठवला, त्यानं दारामागचे पत्रे नीट करून दिले, आणि चिरंजीवांनी हिशेबात तेवढंच जमेच्या बाजूला लिहिलं. बडी कंपनी आली, काही प्रवासी घेऊन गेली, काही परत आले. ते म्हणाले, तिकडची विमानं छान आहेत, पण निघाल्यासारखं वाटत नाही.

काही महिन्यांनी टपालानं एक पान आलं. विमान बनवणाऱ्यांनी जगभरच्या वापरणाऱ्यांसाठीच्या आपल्या पुस्तकात एक सूचना वाढवली होती: 'विमानाच्या अंगावर काठी, छत्री अथवा तत्सम वस्तूने आघात करू नये.' मालकांनी ते पान चौकट करून खोलीत लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बोट दाखवून सांगत, "पुस्तक त्यांचं, ओळ माझी." एकच गोष्ट त्यांना खटकत होती. "छत्री कुणाची?" ते विचारत. "मी छत्री कधी वापरली? उगीच कुणाचं तरी माझ्या नावावर."

पण हे नंतरचं. थाप बंद झाली त्या पहिल्याच सकाळी वेगळंच झालं. मालकांचा तळावर जायचा पास सुनेनं काढून घेतला होता. ते इमारतीच्या काचेआड उभे होते. दार बंद झालं. विमान उभं राहिलं. उभंच राहिलं. आत प्रवासी पट्टे न बांधता एकमेकांकडे बघत होते. म्हाताऱ्या गृहस्थांचे डोळे टक्क उघडे होते. कॅप्टननं खिडकीतून मान काढून विचारलं, "थाप?" जमिनीवरच्या पोरांनी खांदे उडवले. काचेआड मालकांचे दोन्ही हात काचेवर टेकले होते. शेवटी सून स्वतः धावत गेली आणि तिनं कॅप्टनला ओरडून सांगितलं, की निघा, तेव्हा कुठे पंखे फिरले.

संध्याकाळी घरी आल्यावर ती मालकांसमोर बसली. "मामंजी, थापेशिवाय यांचं चालत नाही. तुमचंही चालत नाही. पण विमानाला हात लावायचा नाही."

"मग कशाला लावू? तुझ्या नवऱ्याला?"

"बसला लावा. प्रवाशांना विमानाकडे नेणारी बस. तिचा पत्रा जाड आहे. इमारतीपाशी प्रवासी चढले की तुम्ही थाप द्या, बस निघेल, आणि थाप बसली असा निरोप मी कॅप्टनला वायरलेसवर देईन. तळहातानंच मारायची. खांदा आता बरा आहे ना?"

मालकांनी हात वर करून पाहिला. गेला. "पहिल्यापासून तळहाताचीच खरी," ते म्हणाले. "काठीची ती नुसती आवाजाची."

सुनेनं कागदावर रीत लिहून काढली, चिरंजीवांनी तिला 'व्यूहरचना' असं नाव देऊन सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मंडळी बघायला जमली. प्रवासी बसमध्ये चढले. म्हातारे गृहस्थ खिडकीशी बसले. तात्या स्टिअरिंगवर हात ठेवून, रोजच्यासारखे कंटाळून, समोर बघत होते. या नव्या रीतीचं त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. बस तर ते रोजच चालवत होते, त्यात सांगायचं काय?

मालक बसच्या मागच्या अंगाला गेले. बाही वर केली. धप, धप.

तात्यांची पाठ ताठ झाली. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीवर थाप पडली नव्हती. त्यांनी हॉर्न दिला, गिअर टाकला आणि बस विमानाकडे न वळता सरळ निघाली. फाटकावर जुना पहारेकरी होता. थाप त्यानंही ऐकली होती. त्यानं सलाम ठोकला आणि फाटक सताड उघडलं. बस हमरस्त्याला लागली आणि जुन्या मार्गानं दिसेनाशी झाली.

तळावर विमान दार उघडं टाकून वाट बघत होतं. सुनेच्या हातात वायरलेस तसाच होता. "थाप बसली का?" कॅप्टन विचारत होता.

"बसली," सून म्हणाली. "विमान सोडून सगळं निघालंय."

तात्यांना गाठून परत आणेपर्यंत त्यांनी दोन जुन्या थांब्यांवर गाडी उभी केली होती आणि एका थांब्यावर तिघांना चढवलंही होतं. प्रवासी रागावले होते असं म्हणवत नाही. म्हातारे गृहस्थ तर झोपले होते. जागे झाल्यावर त्यांना आपण पोचलो असंच वाटलं.

पेटी आता सुनेच्या खोलीबाहेर, जिन्याखालच्या अंधाऱ्या जागी ठेवली आहे, जिथं कुणाला कुणी दिसत नाही, आणि किल्ली तिच्याकडे असते. त्या आठवड्यात तिनं ती उघडली, तर आत एकच चिठ्ठी होती. अक्षर ओळखीचं होतं, नाव मात्र नव्हतं.

'बसला थाप बसण्याआधी ड्रायव्हरला विमान दाखवावे. थाप मारणाऱ्याचा दोष नाही. — एक निनावी कर्मचारी, मालक.'